सुशीलाबाईंची साक्ष

सुशीलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर तो आजही पुरता गेलेला नाही. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे. इतकी वर्षं वकिली केली, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, कुणी ढकललेलं नसताना, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आधी माझं सांगते. मी इंदुमती. आमच्या घरात आजोबांपासून काळा कोट आहे. आजोबा निजामाच्या कोर्टात उर्दूत वाद घालायचे, वडील इंग्रजीत, आणि मी जी मिळेल त्या भाषेत भांडते. आठवड्यातले काही दिवस मी हैदराबादेत नारायणगुड्याला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या केंद्रात बसते. घरात मार खाणाऱ्या बायकांना तिथं सल्ला मिळतो, लागलाच तर निवारा मिळतो आणि सरकारी विधी सेवेतून वकील मिळतो. वकिलाचे पैसे पडत नाहीत. बाईची कमाई किती, नवऱ्याची किती, हे कुणी विचारत नाही. लोकांना हे पटत नाही. ‘फुकट म्हणजे वकील कच्चा असणार’ असं तोंडावर म्हणून गेलेल्या बायका आहेत. मी त्यांना चहा पाजते आणि वकीलपत्रावर सही घेते.

त्रिवेणी आमच्याकडे आली ती भर उन्हाळ्यात, डावा हात प्लॅस्टरमध्ये आणि उजव्या हाताला धरलेली लहान मुलगी, केतकी. नवरा योगेश, बेगम बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. राहायला काचीगुड्याला फ्लॅट. माहेरी आईवडील नाहीत, भाऊ उदगीरला. त्यानं फोनवरच सांगितलं होतं, ‘दोन दिवस राहायला ये, कायमची येऊ नको.’ तेव्हा आमच्या निवाऱ्याशिवाय तिला गती नव्हती, आणि निवाऱ्यात काही जन्मभर राहता येत नाही. तिला हवं होतं ते साधं होतं. तिच्या घरात तिला मुलीसकट राहता यावं आणि मार बसू नये. कायद्यात याची सोय आहे. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतात.

अर्ज तयार करताना मी विचारलं, “घरात आणखी कोण?”

“आत्या.” सासूला ती आत्या म्हणते.

“त्या काय करायच्या?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे अडवायच्या नाहीत?”

“त्यांचं नाव नका घालू मॅडम. बस.”

मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा मान हलवली. अर्ज एकट्या योगेशच्या विरुद्ध गेला. आमची बाजू तशी लंगडीच होती. हात मोडल्याचा दवाखान्याचा कागद होता, पण त्यावर तिनंच तेव्हा ‘बाथरूममध्ये घसरले’ असं लिहून दिलं होतं. सगळ्याजणी तेच लिहून देतात. या शहरातल्या बाथरूम इतक्या निसरड्या असत्या तर एकही पुरुष धड उरला नसता. आणि दुसरं म्हणजे शेजाऱ्यांना काही माहीत नव्हतं. मजल्यावर चार घरं, भिंतीला भिंत, पण कुणी कधी आवाज ऐकला नव्हता.

योगेशला पाहिलंत तर तुम्हीही म्हणाल, हा? बारीक चणीचा, केस चापून बसवलेले, बोलणं हळू. समुपदेशनाला बोलावला तेव्हा आल्या आल्या माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले.

भाद्रपद लागला आणि सुशीलाबाई केंद्राचा जिना चढून आल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, कपाळावर कुंकवाच्या जागी जुनं हिरवं गोंदण, अंगावर फिकट सुती साडी. हातात पिशवी, पिशवीत डबा. खुर्चीवर बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“वकीलबाई, माझी सून तुमच्याकडं हाय ना? तिला सांगा, लक्ष्म्या यायल्यात.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी घरांत, मग ती देशमुखांची असोत की कुळवाड्यांची, भाद्रपदात तीन दिवस महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. पितळेचे मुखवटे पिढ्यानपिढ्या सासूकडून सुनेकडे येतात. दिवाळी चुकली तरी चालते, लक्ष्म्या चुकून चालत नाही. आणि त्या बसवायच्या घरातल्या सवाष्णीनं.

“तुमच्या मुलानं तिचा हात मोडलाय,” मी म्हटलं, “आणि तुम्हाला लक्ष्म्या सुचतायत?”

“हौ, मोडला. मला ठाऊक हाय.” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण घरात दुसरी सवाष्ण न्हाई ओ. मालक गेल्यापासून मला हात लावता येत न्हाई. कुणी बसवाव्या? न्हाई बसल्या तर काय होईल? केतकीचं काय होईल?”

मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बाईनं उभा जन्म ते मुखवटे घासले, सोळा भाज्या रांधल्या, पुरण वाटलं, आणि नवरा मेला त्या दिवसापासून तिला मुखवट्याला बोट लावायची चोरी. आणि ही बाई त्या नियमावर चिडायची सोडून सुनेला मारेकऱ्याच्या घरात बोलवायला आली आहे! मी त्यांना सरळ जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. त्रिवेणी मुलीचे कपडे घ्यायला त्या दिवशी केंद्रात आलेली होती, ती आतल्या खोलीतून बाहेर आली.

“तीन दिस ये,” सुशीलाबाई तिला म्हणाल्या. “तो अंगाला हात लावणार न्हाई. माझा शब्द. लक्ष्म्या उठल्या की मी स्वतः तुला हितं आणून सोडते.”

त्या गेल्यावर मी त्रिवेणीला हरतऱ्हेनं समजावलं. कोर्टात अर्ज पडून आहे, सुनावणी तोंडावर आली आहे, तू आपल्या मनानं परत गेलीस असं दिसेल. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “मॅडम, तुमच्या घरी बसतात ना लक्ष्म्या?”

बसतात. बसवते मीच. मी जास्तच चिडले.

ती गेली. आणि सुशीलाबाईंनी शब्द पाळला, हेही सांगायला हवं. तीन दिवस योगेशनं तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. सुशीलाबाई रात्री नातीला आणि सुनेला घेऊन देवीपुढेच झोपल्या. चौथ्या दिवशी रिक्षात घालून दोघींना केंद्राच्या दारात आणून सोडलं. डब्यात मला पुरणपोळी. मी ती शिपायाला दिली.

सुनावणीच्या दिवशी योगेशच्या वकिलानं एक पेनड्राइव्ह काढला.

हा वकील म्हणजे अरविंद देगलूरकर. हिमायतनगरचे देगलूरकर, त्याचे वडील माझ्या वडिलांचे ज्युनियर. त्याला मी लहानपणापासून ओळखते. पेनड्राइव्हमध्ये हळदीकुंकवाच्या संध्याकाळचा व्हिडिओ होता. कुणीतरी शेजारणीनं फोनवर काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलेला. मॅजिस्ट्रेट बाईंच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. त्या तरुण, वारंगळकडच्या, तेलुगू. मराठीचा गंध नाही. पडद्यावर महालक्ष्म्या, फुलोरा, समया, आणि जरीच्या साडीतली त्रिवेणी. बायका ओरडत होत्या, ‘नाव घे, नाव घे.’ तिनं पदर सावरला, हसली आणि म्हणाली,

‘सोनपावलांनी महालक्ष्म्या आल्या आमच्या दारात,
योगेशरावांच्या राज्यात सुख नांदतं घरात.’

टाळ्या पडल्या. अरविंदनं व्हिडिओ थांबवला आणि त्या दोन ओळींचा आधी तेलुगूत आणि मग इंग्रजीत असा काही घोळून घोळून अर्थ सांगितला की योगेशचं चरित्र वाचतोय असं वाटावं. अर्जदार स्वतःच्या तोंडानं, देवीसमोर, चार बायकांच्या साक्षीनं सांगते आहे की पतीच्या घरात सुख नांदतं आहे. आणि अर्जात म्हणते हात मोडला. यातलं कोणतं खरं धरायचं?

मॅजिस्ट्रेट बाईंनी त्रिवेणीकडे पाहिलं. “इदि मीरेना, अम्मा?” ही तुम्हीच का?

“अवुनु,” त्रिवेणी म्हणाली. हो.

मी उभी राहून सांगू लागले की हा उखाणा आहे, ही रीत आहे, नवऱ्याचं नाव यमकात गुंफून घ्यायचं असतं, त्यात कुणी नवऱ्याला नावं ठेवत नाही. नाही घेतलं तर बायका सोडत नाहीत, आणि सून माहेरी गेली आहे असं सासूनं बिल्डिंगभर सांगितलेलं असताना ती नाही कशी म्हणणार? अरविंद अदबीनं उठला. “ताई साक्ष देतायत का वाद घालतायत? रीत असेल तर साक्षीदार आणावा.” कायद्यानं त्याचं बरोबर होतं. वर त्यानं दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं दिली, की आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो, भांडणाचा आवाज कधी ऐकला नाही.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठला. “अरविंद, तुझ्या लग्नात मी होते. अलकानं उखाण्यात तुला कृष्ण म्हटलं होतं. तू आहेस का कृष्ण?”

“ताई,” तो हसून म्हणाला, “कोर्टात मी अलकाचा नवरा नसतो.”

पुढची तारीख पडली. निवाऱ्यातली मुदत संपत आली होती. उदगीरच्या भावानं फोन उचलणं बंद केलं. त्रिवेणी म्हणाली, “मॅडम, ऑर्डर नाही झाली तर मी परत जाते. केतकीची शाळा तिकडंच आहे. नाहीतरी सवय आहे.” हे ती रडत म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भाजी आणायला जाते म्हणावं तसं म्हणाली.

मी एका मराठीच्या प्राध्यापकांना उखाण्यावर साक्ष द्यायला विचारलं. ते म्हणाले, विषय रंजक आहे, पण कोर्टकचेरी नको. तेवढ्यात सुशीलाबाई पुन्हा जिना चढून आल्या. या वेळी डबा नव्हता, आणि सांगायच्या आत खुर्चीवर बसल्या.

“लक्ष्मीपुढं बोललेलं कोर्टात नेलं त्यानं,” त्या म्हणाल्या. “मी शब्द दिला होता तिला, काही होणार न्हाई म्हणून. त्यानं ते फोनमध्ये ठेवलं होतं, मला कुठं माहीत? माझा शब्द खोटा पडला की ओ.”

“मग काय करणार?”

“उखाणा काय असतो ते मी सांगते त्या जजबाईला. मला पुष्कळ येतात.” मग, “योगेशबद्दल मला इचारू नका. आई हाय मी. तेवढं नक्को.”

अट मला मान्य करावी लागली. मी म्हटलं, मी विचारणार नाही, पण समोरचा वकील विचारेल, त्याला मी रोखू शकत नाही. त्या म्हणाल्या, त्याचाच वकील, तो कशाला इचारतो.

साक्षीच्या तयारीला त्या दोनतीनदा आल्या, तेव्हा त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यानं कळलं. देगलूरच्या पलीकडचं खेडं. अंगानं भरायच्या आत लग्न. नवरा नामदेवराव, बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानी हमाली करायचे. ढोर मेहनत करून त्याच गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. सुशीलाबाईंनी दुकानात बसून भांड्यांवरचे कागद सोलले, नावं घालायचं मशीन चालवलं. दोन लेकरं गेली, तिसरा योगेश जगला. नामदेवराव बाजारात देवमाणूस. गणपतीला सढळ हातानं वर्गणी, गरिबाच्या लग्नात पाण्याचा हंडा. घरात आले की पट्टा काढायचे. सुशीलाबाई हे अशा सुरात सांगायच्या की जसं काही पाऊस पडायचा. “मारायचे. सगळेच मारायचे त्या काळी. जेवायलाबी घालायचे.”

मी म्हटलं, “सगळे नव्हते मारत.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोरसवदा आहे.

साक्षीच्या दिवशी दालन बंद होतं. आत फक्त आम्हीच. योगेश अरविंदच्या मागे बसलेला, हात मांडीवर. आईला पाहून त्यानं मान खाली घातली. सुशीलाबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. पिंजऱ्याच्या कठड्यावर त्यांचं जेमतेम डोकं दिसत होतं. बेगम बाजारात जन्म गेलेला, त्यामुळे दखनी हिंदी फाडफाड. मॅजिस्ट्रेट बाईंना ती समजत होती, दुभाष्याची गरज पडली नाही.

मी विचारलं, उखाणा म्हणजे काय?

“नाव लेते, अम्मा. मरद का. सब औरतां लेते.”

नवरा चांगला असेल तरच घेतात का?

“नै नै. कैसा बी रहो, लेना पडता.”

तुम्ही घेतलात का?

“हर साल.” आणि त्यांनी तिथल्या तिथं, मान थोडी खाली घालून, मराठीत म्हटला:

‘पुरणाच्या पोळीवर तुपाची धार,
नामदेवरावांच्या जिवावर चालला माझा संसार.’

मॅजिस्ट्रेट बाईंनी अर्थ विचारला. सुशीलाबाईंनी सांगितला. मग कुणी काही विचारलं नसताना दोन बोटांनी वरचा ओठ उचलला आणि दाताची मोकळी जागा दाखवली. “ये बोली उसके एक दिन पहिले ये दाँत गया. तोंड पो पल्लू रख के बोली. सब ताली बजाए.”

टायपिस्टचे हात थांबले. मी बसले. मला वाटलं, झालं. याहून जास्त मला नकोच होतं. उखाण्याचा पुरावा उखाण्यानंच गेला होता. अरविंदच्या जागी मी असते तर ‘प्रश्न नाहीत’ म्हणून खाली बसले असते. पण अरविंदला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मराठी आई लेकाविरुद्ध बोलत नाही. जगाविरुद्ध बोलेल, नवऱ्याविरुद्ध तो मेल्यावर बोलेल, लेकाविरुद्ध नाही. त्या भरवशावर तो उठला.

“काकू,” तो मराठीत सुरू झाला, मग सावरून हिंदीत म्हणाला, “जुन्या जमान्याचं सोडा. तुमच्या मजल्यावर चार घरं आहेत. भिंती पातळ आहेत. बरोबर?”

“हौ.”

“शेजाऱ्यांनी कधी तुमच्या घरातून आरडाओरड ऐकली?”

“नै.”

“एकदाही नाही?”

“नै सुने.”

“म्हणजे ऐकण्यासारखं काही झालंच नाही.”

हा प्रश्न नव्हता. तो मॅजिस्ट्रेटकडे वळून बसायलाही निघाला होता.  सुशीलाबाई मुलाकडे बघत होत्या. योगेशनं मान वर केली आणि अगदी थोडीशी हलवली, नाही अशी. लहान मुलाला डोळ्यांनी दटावतात तशी, फक्त उलटी. लेक आईला दटावत होता.

“कैसा सुनेंगे?” सुशीलाबाई म्हणाल्या.

अरविंद थांबला. मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, “क्या बोले अम्मा?”

“कैसा सुनेंगे पडोसी? दरवाजे-खिडक्यां मैं लगा लेती थी ना. इसका हात उठा की पहिले मैं उठती. सब बंद करती, टीवी का आवाज बडा करती. फिर देव के पास जाके बैठती. जिस दिन उसका हात टूटा, उस दिन बी मैंच लगाई कडी. बाहर से.”

 माझ्या शेजारी त्रिवेणी बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले. तिला हे नवीन नव्हतं. तिला हे ठाऊक होतं आणि तिनं माझ्यापासून लपवलं होतं. अर्जात सासूचं नाव का नको होतं ते मला त्या क्षणी कळलं.

अरविंदनं सावरायचा प्रयत्न केला. “म्हणजे तुम्ही स्वतःच गुन्ह्यात सामील होता असं म्हणताय?”

“हौ.”

मॅजिस्ट्रेट बाई पुढे झुकल्या आणि हळू म्हणाल्या, अम्मा, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना? हे तुमच्यावरही येऊ शकतं. सुशीलाबाई म्हणाल्या, “आने दो.” मग खाली उतरताना त्यांचा पाय अडखळला. मी धरायला गेले, त्यांनी हात झटकला.

निकाल आमच्यासारखा लागला. योगेशनं फ्लॅटमध्ये पाऊल ठेवायचं नाही, बायकोच्या आणि मुलीच्या वाटेला जायचं नाही, दरमहा खर्च द्यायचा. तो आता दुकानाच्या माडीवर राहतो. वर अपील केलंय, ते चालेल तसं चालेल. बेगम बाजारात त्यानं सांगून टाकलं आहे की आई मेली. बाजारानं ते मानलंही; सुशीलाबाई गल्लीतून गेल्या तर ओळखीचे दुकानदार मान वळवतात. फ्लॅट नामदेवरावांच्या मागे मायलेकांच्या नावावर आहे, त्यामुळे सुशीलाबाईंना तिथून कुणी काढू शकत नाही. सासू, सून आणि नात तिघी तिथं राहतात.

आमच्या केंद्रात याचं मोठं कौतुक झालं. एकजण म्हणाली, ‘सासूसुनेची अशी एकी पाहिजे.’  पण निकालाची प्रत द्यायला मी स्वतः काचीगुड्याला गेले होते, तेव्हा काय आहे ते पाहून आले होते.

सुशीलाबाई गॅलरीत अंबाडी निवडत होत्या. त्रिवेणी एका शाळेच्या ऑफिसात लागली होती, नुकतीच आली होती. तिनं मला चहा दिला, सासूलाही दिला, बशी झाकून. सासूचं ताट वाढलं, भात मऊ शिजलाय का ते बोटानं दाबून पाहिलं. केतकी आजीला चिकटून बसली होती. सगळं ठीक होतं. फक्त त्रिवेणीच्या तोंडून सासूसाठी एक शब्द निघाला नाही. ‘घ्या’ नाही, ‘हवंय का’ नाही. ताट समोर ठेवायचं आणि वळायचं.

मी निघाले तर सुशीलाबाई जिन्यापर्यंत मागे आल्या.

“वकीलबाई, एक काम करा. तिला सांगा, माझ्यावरबी केस घालायला.”

“काय बोलताय?”

“कोर्टात सांगितलंय ना मी समद्यांपुढं. मग सोपं हाय की. जेल झाली तर झाली. न्हाई तर दंड.” त्यांनी माझा हात धरला. “साक्ष दिली त्या दिसापासून ती बोलत न्हाई माझ्याशी. वाढती, गोळी हातावर ठेवती, अंथरूण घालती. दवाखान्यात नेती. बोलत न्हाई. शिव्या दे म्हटलं, देत न्हाई. मला सोसत न्हाई ओ. मालकांचा पट्टा सोसला, हे न्हाई सोसत.”

इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच त्या बाईची दया आली, आणि दया आली याचाही राग आला. मी त्रिवेणीशी बोलते म्हटलं.

ती पुढच्या आठवड्यात केंद्रात आली. खर्चाचे पैसे वेळेवर येत नव्हते, त्याचा अर्ज करायचा होता. तो झाल्यावर मी सुशीलाबाईंचा निरोप सांगितला. वकील म्हणून सांगितलं की साक्षीतला कबुलीजबाब आहे, करायचं तर करता येईल. बाई म्हणून सांगितलं की म्हातारी खचली आहे, त्यांच्यामुळेच घर मिळालं, एक शब्द बोल.

त्रिवेणीनं ओढणीचं टोक दुमडलं. मग म्हणाली, “केस नाही करायची मॅडम. केस केली की एक दिवस संपते. त्यांचं संपेल.”

“मग बोल तरी.”

“तुम्हाला माहिती का, मी आतून कुणाला हाका मारायचे? आईला नाही. देवाला नाही. आत्या, आत्या म्हणायचे. कडी काढा म्हणायचे. त्या टीव्ही मोठा करायच्या.” तिचा आवाज चढला नाही. “त्या वेळी मी हाका मारत होते. आता हाका त्यांना मारू देत.”

 ती उठली, कागद पर्समध्ये ठेवले आणि घड्याळ पाहिलं. आत्यांच्या बीपीच्या गोळीची वेळ झाली होती, म्हणून चहालाही थांबली नाही.